तांड्यातल्या जुन्या फेटिया-काचळ्यांचं डिजिटायझेशन : स्कॅनर सोडा, आधी कापड उलटं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या शिक्षकांनी विचारलंय की आजी-पणजीच्या काळातल्या फेटिया (भरतकामाचे घागरे), काचळ्या (चोळ्या), ओढण्या, कवड्या लावलेल्या पिशव्या असे साठ-सत्तर नग घरोघरी पेट्यांमध्ये पडून आहेत, जुनं भरतकाम विकत घेणारे व्यापारी फिरायला लागलेत, सगळं जायच्या आत डिजिटल आर्काइव्ह करायचंय, तर स्कॅनर कोणता घेऊ, मोबाईल चालेल का, थ्री-डी करायला हवं का, आणि हे सगळं चाळीस हजारात.

मी बरीच वर्षं संग्रहालयांसाठी कापडांचं डॉक्युमेंटेशन करते, त्यात बंजारा काम बऱ्यापैकी हाताखालून गेलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिल्यांदा तीन झटपट उत्तरं. स्कॅनर घेऊ नका, भिंगं आणि कवड्या असलेलं कापड काचेवर दाबलं की काच पण ओरखडते आणि भिंगाच्या कडेचा दोरा पण तुटतो, जो आधीच जीर्ण झालेला असतो. थ्री-डी आत्ता नको, फेटियाचा घेर कंबरेवर कसा पडतो हे बघायला छान वाटतं पण साठ नगांचं मॉडेल करण्यात सगळा वेळ जाईल आणि टाका एकही नीट दिसणार नाही. मोबाईल चालेल, पण यादीपुरता. मुख्य फोटोंसाठी कॅमेरा लागेल, त्याचं पुढे सांगते.

आता खरं काम. हे आर्काइव्ह नक्की कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवा, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात. माझं स्वतःचं मोजमाप असं आहे की मूळ नग उद्या वाळवीने खाल्ला किंवा विकला गेला तरी तांड्यातल्या एखाद्या मुलीला नुसती ती फाईल उघडून तसाच नग पुन्हा भरता आला पाहिजे. सुंदर फोटो आला पण त्यावरून टाका कसा घातलाय ते कळत नाही, तर ते कॅलेंडर झालं, डॉक्युमेंटेशन नाही झालं. आणि ह्या मोजमापाने बघितलं तर मोठमोठ्या संस्थांच्या वेबसाईटवरचे निम्मे फोटो नापास होतील, कारण सगळे समोरून काढलेले असतात.

म्हणून पहिला नियम, उलटी बाजू काढायचीच. समोर तुम्हाला आकृती दिसते, मागे ती कशी घडली ते दिसतं. दोरा कुठे सुरू झाला, गाठ मारली की नुसताच दडपला, एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना दोरा तोडला की मागून ओढत नेला, मधे दुरुस्ती झालीय का, वेगळ्या हाताने काम पुरं केलंय का, हे सगळं मागे. शिवाय पुढची बाजू उन्हाने उडालेली असते, मागे मूळ रंग शाबूत असतो. अस्तर असेल तर उसवू नका हं! कुठे ना कुठे शिवण सुटलेली असतेच, तिथून आत डोकावून जेवढं मिळेल तेवढं घ्या आणि नोंदीत लिहा की अस्तरामुळे बाकी मागची बाजू दिसत नाही.

दुसरं म्हणजे खालचं कापड. बंजारा कामातले बरेच टाके धागे मोजून घातलेले असतात, आकृती आधी छापून त्यावर भरलेलं काम नसतं हे, त्यामुळे खालच्या कापडाची वीण किती जाड हे कळलं नाही तर आकृतीचं गणितच बसत नाही. जुनं जाडंभरडं हातमागाचं कापड आणि आजचं मिलचं पॉपलीन, दोन्हीवर तोच चौकोन वेगळ्या मापाचा होतो. तेव्हा प्रत्येक नगावर एका सेंटीमीटरमध्ये उभे धागे किती, आडवे किती, हे मोजून लिहा. स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप मिळतो, त्याने धाग्याचा पीळ उजवा की डावा हेही दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण शाळेतली आठवी-नववीची मुलं हे उत्तम करतात, मोठ्यांपेक्षा उत्तम.

आता कॅमेरा. विकत घेऊ नका. तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारा असतोच, त्याच्याकडे चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा, ट्रायपॉड, एलईडी पॅनल सगळं असतं आणि लग्नसराई नसताना तो ते दिवसाच्या भाड्याने देतो. फक्त एक मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी, आणि आडवा दांडा लागेल, म्हणजे कॅमेरा बरोब्बर वरून खाली बघेल. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल, तर फ्रेममध्ये ६० बाय ४० सेंटीमीटर कापड घेतलंत की एका सेंटीमीटरला १०० पिक्सेल मिळतात, पूर्ण नगाच्या फोटोला हे पुरतं. फेटिया यापेक्षा मोठी आहे, ती तुकड्यातुकड्याने काढून जोडा, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तिसरा हिस्सा तरी चढला पाहिजे. मग टाक्यांसाठी जवळून, फ्रेम फक्त ६ बाय ४ सेंटीमीटर, म्हणजे सेंटीमीटरला १००० पिक्सेल, आणि इथे दोरा दोऱ्यावरून गेला की खालून ते स्पष्ट वाचता येतं. प्रत्येक प्रकारच्या टाक्याचा एक तरी असा फोटो पुढून आणि बरोब्बर त्याच जागी मागून.

भिंगांचा त्रास होणार. भिंग म्हणजे आरसाच, त्यात कॅमेरा दिसतो, छत दिसतं, तुमचं तोंड दिसतं. यावर लोक क्रॉस पोलरायझेशन सुचवतात, म्हणजे दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर फिरता पोलरायझर, तो फिरवत गेलं की चकाकी मरते आणि दोऱ्याचा रंग एकदम खोल दिसतो. कापडासाठी हे झकास. पण त्यात भिंगं चक्क काळी पडतात, जणू कापडाला भोकं पडलीत, आणि नंतर बघणाऱ्याला वाटतं भिंगं गळून गेली. म्हणून दोन फोटो लागतात. एक पोलराइज्ड, रंगासाठी. दुसरा पोलरायझरशिवाय, वर पांढरी चादर ताणून तिच्यावरून उजेड परतवून, आणि कॅमेऱ्याभोवती काळा पुठ्ठा, लेन्सपुरतं भोक ठेवून. हाताने बसवलेली भिंगं सगळी थोडी थोडी तिरकी असतात त्यामुळे काही पांढरी काही करडी येतील, येऊ देत.

तिसरा फोटो एकाच दिव्याने, दिवा जवळजवळ कापडाच्या पातळीत आडवा ठेवून. गोधडीसारखे जे धावते टाके असतात ते समोरच्या उजेडात गायब होतात आणि आडव्या उजेडात शेताच्या सरींसारखे उठून दिसतात. दिवा चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घेतले की झालं. आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) नावाचं तंत्र आहे, २००१ साली एचपीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामातून निघालेलं, त्यात दिवा बऱ्याच कोनांतून फिरवून नंतर स्क्रीनवर उजेड हवा तसा फिरवता येतो, आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण भिंगांवर ते गडबडतं, आणि माझ्या मते तुमच्या कामाला चार आडवे फोटो नव्वद टक्के तेच देतात.

रंगाबद्दल दोन गोष्टी. बंजारा लाल कॅमेऱ्याला झेपत नाही, लाल चॅनेल फुटतो आणि सगळा भाग एकसारखा प्लास्टिकसारखा सपाट येतो, स्क्रीनवर छान दिसतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल-हिरवा-निळा किती उजळ आलाय त्याचा आलेख, लावून बघा, लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्सपोजर थोडं कमी करा. रंगांच्या चोवीस चौकोनांचं कलर चार्ट पहिल्या फोटोत ठेवा, दिवे हलवले की परत ठेवा. ट्यूबलाईट आणि खिडकीचा उजेड मिसळू नका. आणि फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने काही बदल न केलेली मूळ फाईल. मोबाईलचा प्रॉब्लेम नेमका इथे आहे, तो पाच-सात फोटो मिसळून स्वतःच्या मनाने धार लावतो, म्हणजे जो दोरा तुम्हाला दिसतोय तो अर्धा कापडाचा आणि अर्धा सॉफ्टवेअरने रचलेला. एआयने फोटो मोठा करणं तर अजिबात नको, ते टाके चक्क बनवतं.

दुसरी गोष्ट, लाल दिसला की नोंदीत मंजिष्ठा आणि निळा दिसला की नीळ असं लिहायची फार सवय आहे लोकांना. रंगद्रव्य कोणतं हे प्रयोगशाळेत कळतं, फोटोवरून नाही. "लाल, रंगद्रव्य तपासलेलं नाही" एवढंच लिहा.

नग हाताळताना सुती हातमोजे घालू नका, सिनेमात दाखवतात तसे, त्यांचे धागे भिंगांच्या कडांत अडकतात. स्वच्छ धुतलेले कोरडे हात, आणि जर्मन सिल्व्हरचे घुंगरू वगैरे असतील तिथे नायट्राइलचे मोजे. धुवायचं नाही, इस्त्री नाही, परफ्यूम नाही. टेबलावर मांजरपाट अंथरा, पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेला. डांबरगोळ्या पेटीत असतील तर काढून टाका, त्यांच्या वाफेने प्लास्टिकचे मणी आणि बलिया (हातभर घालायच्या बांगड्या) चिकट व्हायला लागतात. दिवे फक्त फोटोपुरते चालू, कारण उजेडाचं नुकसान साठत जातं, संग्रहालयात कापडाला ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड देतात, आणि तुमच्या टेबलावर हजार लक्स असेल तर तिथला एक तास म्हणजे तिकडचे वीस तास.

हे झालं यंत्राचं. याहून जास्त वेळ बायकांशी बोलण्यासाठी ठेवा, मी तर म्हणेन दुप्पट.

संग्रहालयातली नोंद कशी असते माहितीय? "स्त्रीचा घागरा, लमाण, दख्खन, विसावं शतक, कारागीर अज्ञात." अज्ञात कसली, तिला आख्खा तांडा ओळखत होता, विचारलं नाही कोणी. तुमच्याकडे ही माहिती अजून जिवंत आहे. कोणी भरलं, कोणासाठी, लग्नात आलं का, कोणत्या तांड्यातून आलं, दोरा कुठून आणला, कवड्या कुठल्या बाजारातून. आणि गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द पहिल्या रकान्यात, मराठी दुसऱ्यात, इंग्रजी तिसऱ्यात, उलटं नाही. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, देवनागरीत लिहा आणि सोबत त्या आजीच्या तोंडचा उच्चार रेकॉर्ड करून त्याच नगाच्या फोल्डरमध्ये टाका. कर्नाटकात संडूरला लंबाणी (म्हणजे बंजाराच) भरतकामाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, तिथे किलन, वेले, बक्क्या, माकी, कांस, तेरा दोरा, रेलो, नाकरा अशी चौदा टाक्यांची नावं सांगतात. ती यादी घेऊन आपल्या आज्यांची परीक्षा घेऊ नका. यवतमाळकडे तोच टाका वेगळ्या नावाने असेल, किंवा नाव नसेलच, "असा घालतात" एवढंच असेल. जे म्हणतील ते लिहा. शोधायला सोपं जावं म्हणून बंजारा, लमाण, लंबाणी, लंबाडी, सुगाळी ही सगळी नावं टॅगमध्ये घाला, कारण परदेशातल्या आणि आंध्र-कर्नाटकातल्या नोंदी या वेगवेगळ्या नावांखाली विखुरल्यात.

एक युक्ती सांगते जी दरवेळी चालते. फोटो काढून झाले की ते टॅबवर घेऊन परत जा. ज्या आजींना मोतीबिंदूमुळे कापडावरचा टाका दिसत नाही त्यांना तो स्क्रीनवर तळहाताएवढा करून दाखवा, आणि मग बघा, काय काय निघतं, हा टाका अमकीच्या हातचा, हिने इथे चोरी केलीय, एक घर सोडलंय, ही कड नंतर लावलीय. हे सगळं रेकॉर्ड करा, ऑडिओ वेव्ह फॉरमॅटमध्ये. प्रश्न विचारायला गोरबोली बोलणारी बाई किंवा मुलगी असू दे, तुम्ही सर आहात, तुमच्यासमोर त्या नुसत्या हो हो म्हणतील. आणि जी बाई अजून टाके घालते तिच्या हातांचा व्हिडिओ घ्या, एक कॅमेरा समोरून नको, तिच्या खांद्यावरून, म्हणजे बघणाऱ्याला हात स्वतःचे असल्यासारखे दिसतात.

वेळ कधीची निवडायची हेही बघा. दिवाळीनंतर ऊसतोडीला अर्धा तांडा बाहेर पडत असेल तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भेटणार कोण? श्रावणातल्या तीजेच्या आसपास माणसं घरी असतात आणि पेट्याही उघडलेल्या असतात. ज्या दिवशी बाईला बसवून घ्याल त्या दिवसाची मजुरी बजेटमधून द्या. माहिती देणं हेही काम आहे.

परवानगी. फॉर्म मराठीत छापला तरी गोरबोलीत वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्ड करा. प्रत्येक नगाला तीन पायऱ्या ठेवा, फक्त घरच्यांसाठी, तांड्यासाठी आणि अभ्यासकांसाठी मागणीवर, आणि सगळ्यांसाठी खुलं. सेवालाल महाराजांच्या देवळात वाहिलेलं कापड, किंवा गेलेल्या बाईची काचळी, यांचं घरच्यांना काय वाटतं ते आधी विचारा. घुगरी-टोपली (केसांत घालायचे दागिने) आणि बलिया ही सवाष्णीची लेणी, तेव्हा फोटोसाठी म्हणून कोणालाही "जरा घालून दाखवा" म्हणू नका, विधवेला तर नाहीच नाही. बाहेरचे फोटोग्राफर हे सर्रास करतात आणि मग फोटोला बक्षीसं पण मिळतात, असो.

असं पायऱ्या-पायऱ्यांचं आर्काइव्ह चालवायला मुकुर्तू नावाची फुकट सिस्टीम आहे, ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना तयार झालेली, कोणी काय बघायचं हे समाज ठरवतो ही तिची मूळ कल्पना. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी जतन नावाचं सॉफ्टवेअर केलंय, राष्ट्रीय संग्रहालयांचं पोर्टल त्यावर चालतं. पण साठ नगांना यातलं काहीच सुरुवातीला लागत नाही. एक स्प्रेडशीट आणि नीट नावं दिलेली फोल्डर, बास. फाईलची नावं रोमन अक्षरं आणि आकड्यांत, मधे स्पेस नको, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन दिसतील. माहिती फाईलच्या नावात कोंबू नका, नावात फक्त नगाचा नंबर आणि पुढून-मागून एवढंच.

सगळं खुलं ठेवावं की नाही यावर माझ्या ओळखीतल्या अभ्यासकांशी माझे कायम वाद होतात. ते म्हणतात हाय रिझोल्यूशन सगळ्यांना मिळालं पाहिजे. मी म्हणते, बरोब्बर वरून काढलेला, रंग जुळवलेला, सेंटीमीटरला १०० पिक्सेलचा फोटो म्हणजे डिजिटल प्रिंटवाल्याला आयतं डिझाईन, दुसऱ्या महिन्यात पॉलिस्टरवर "बंजारा प्रिंट" म्हणून येईल आणि कायद्याने तुम्हाला फार काही करता येणार नाही, पारंपरिक आकृतीवर कोणा एकीचा कॉपीराइट नसतो. आणि ही भीती काही आजची नाही. १८६६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या फोर्ब्स वॉटसनने भारतातल्या कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले, असे २० संच केले, १३ ब्रिटनमध्ये आणि ७ भारतात, आणि हेतू उघड लिहिलेला होता, की तिकडच्या गिरणीवाल्यांना इथे काय खपतं ते कळावं. आज तेच खंड अभ्यासाला सोन्यासारखे आहेत हेही खरं. म्हणून मधला मार्ग, वेबवर दीडेक हजार पिक्सेलचा फोटो, मोठी फाईल मागितल्यावर, कोणाला दिली त्याची नोंद ठेवून. विकिमीडियावर टाकायची घाई नको, तिथलं लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही, तांड्याने विचार करून ठरवलं तर जरूर टाका. आणि फोटोतलं जीपीएस लोकेशन आणि घरमालकाचं नाव खुल्या कॉपीतून काढाच, नाहीतर व्यापाऱ्यांना कुठल्या घरी कुठली फेटिया आहे याची यादीच मिळेल. हे जुने नग कापून त्यांच्या बॅगा आणि भिंतीवरचे तुकडे होतात, गोव्याच्या बाजारांत असं ठिगळकाम भरपूर बघायला मिळतं.

साठवणूक. चोवीस मेगापिक्सेलची १६ बिटची टिफ फाईल साधारण १४४ एमबी, नगाला बारा फोटो धरले तर ६५ नगांचे ११२ जीबीच्या आसपास, वर रॉ आणि ऑडिओ-व्हिडिओ. म्हणजे एक टीबीच्या दोन डिस्क पुरतात, एक तुमच्याकडे, एक गावाबाहेर दुसऱ्या जिल्ह्यात कोणाकडे तरी, आणि छोट्या कॉपी क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा लावून उघडून बघायची, कपाटात ठेवलेली डिस्क पाच वर्षांनी चालू होईलच असं नाही. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालंय, तुमच्यापासून फार लांब नाही, त्यांच्याकडे एक कॉपी द्यायचा विषय काढून बघा, पण कॉपी द्या, मूळ नग देण्याची घाई करू नका, आणि देताना वरच्या तीन पायऱ्या लेखी मान्य करून घ्या.

चाळीस हजार असे लावा, कॅमेरा-दिव्यांचं भाडं, कलर चार्ट, पोलरायझर आणि फिल्म, दोन डिस्क, मांजरपाट, आणि जे उरेल त्यातला मोठा वाटा बायकांच्या मजुरीला. थोडे पैसे छपाईला राखा. टाक्यांचे जवळचे फोटो ए-थ्रीवर, पुढची आणि मागची बाजू शेजारी शेजारी, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून शाळेत ठेवा. रेंज जाते, वेबसाईट बंद पडते, पण तो कागद समोर ठेवून मुली सुईदोरा घेऊन बसू शकतात. पहिला नग निवडताना सगळ्यात भारी फेटिया घेऊ नका, एखादी छोटी कवड्यांची पिशवी घ्या, तिच्यावर सगळे फोटो, मोजणी, नोंद, ऑडिओ पूर्ण करा, ती फाईल कोणा भरतकाम करणाऱ्या बाईला द्या आणि तेवढ्यावरून पिशवी करून बघायला सांगा. ती जिथे अडेल आणि विचारेल ते सगळं पुढच्या नगांच्या फॉर्ममध्ये नवा रकाना म्हणून घाला.